शेऱ्याचा रकाना

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी, चहानंतर.

वही ह्यांची. कपाटात एकच कोरी उरली होती. सून म्हणते, पानांवर आधीच रकाने छापलेत: तारीख, वेळ, वारा, ढग, तापमान, आणि शेवटी चांगला रुंद असा शेरा. म्हटलं, आपण शेऱ्यातच लिहू. बाकीचे रकाने सुटीवर. तरी राहायला नको म्हणून: वारा, खिडकीतून. ढग, सुनेच्या कपाळावर.

मला अक्षर येत नाही. सून कोर्टात स्टेनो आहे. समोरच्याच्या तोंडून पडेल ते लिहायचं, आपलं काही घालायचं नाही, पडलेलं काही गाळायचं नाही, अशी तिच्या कामाची शिस्त. म्हणून तिला निवडली. चिरंजिवांना बसवलं असतं तर त्यांनी सुधारून लिहिलं असतं. ही वही कुणी वाचायची नाही. मीही वाचणार नाही, तेव्हा गुपित अगदी पक्कं. सून हसली. हसलीस तेही लिही म्हटलं. लिहिलं.

कारण असं झालं. काल पार्कच्या गेटवरच्या मिशीवाल्याचा फोन आला. वर शिखरावर हवामानाची खोली आहे, ती ह्या महिन्याच्या एकतीस तारखेला पाडणार. तिथे मशीन बसणार, माणूस लागणार नाही. जुन्या वह्या रद्दीत.

त्या खोलीत ह्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन वर जायचं, दिवसभर वारा आणि ढग लिहायचे, कुठे धूर दिसला तर खाली कळवायचं, संध्याकाळी घरी. डबा रोज रिकामा परत. एकतीस वर्षांत एक घास उरला नाही. बाईमाणसाला आणखी कुठलं सर्टिफिकेट हवं?

आणि रोज शेऱ्याच्या रकान्यात माझ्याबद्दल एक ओळ. हे ह्यांनीच मला सांगितलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. काय लिहिता, विचारलं की म्हणायचे, "वर ये एकदा. वाचून दाखवतो."

गेले नाही. आधी मूल लहान होतं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग मूल मोठं झालं आणि त्याचा जास्तच व्याप झाला. मग हे रिटायर झाले, पण ह्यांचे गुडघे त्याच्या आधीच रिटायर झाले होते. चार वर्षांपूर्वी झोपेत गेले. ओळी तेवढ्या वर राहिल्या.

चिरंजीव म्हणाले, मी जाऊन फोटो काढून आणतो. बापाने आईबद्दल लिहिलेलं मुलाने वाचायचं? मी स्वतः जाणार. सून बरोबर येणार, वाचायला. बारा तारखेचा रविवार ठरला. एका दिवसाचं काम आहे. सकाळी निघायचं, दुपारी वर जेवायचं, ओळी ऐकायच्या, संध्याकाळी घरी. ह्यांना चढायला दोन तास लागायचे. मला अडीच धरा. वय त्र्याहत्तर, पण ते रेशनकार्डावर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी.

ट्रेनिंग सुरू. आपलं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे डोंगर घरातच आहे.

लिफ्टने वर, जिन्याने खाली, असं दोनदा केलं. सून म्हणाली उलटं करायला हवं. तिला समजावलं की अपघात सगळे उतरताना होतात, म्हणून उतरण्याची प्रॅक्टिस आधी. चढणं काय, अंगातच असतं. कोर्टात राहून माणसाला गप्प बसायची फार छान सवय लागते.

दुसऱ्यांदा उतरताना दुसऱ्या मजल्यावर थोडी बसले. दमले म्हणून नाही. तिथल्या बाईंनी खुर्ची बाहेर ठेवली होती, वाईट वाटलं असतं त्यांना.

५ ऑक्टोबर, रविवार.

नातीने तिचे जुने स्पोर्ट्स शूज दिले. एक नंबर मोठे. पुढे कापूस भरला. पायात घालून घरभर फिरले. नात म्हणाली, "आजी, तू एकदम डेंजर दिसतेस." हे कौतुक असतं म्हणे.

मग बाहेर प्रॅक्टिस. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर शिवणवालीचं दुकान आहे, तिने स्टूल दिलं. दीड तास बसले. तिच्या मशीनच्या पायपट्टीकडे बघत बसलं की आपले पायही चालल्यासारखे वाटतात. तिला ओळींचं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याने लग्नानंतर एकच गोष्ट लिहून दिली, ब्लाउजच्या पावतीवर सही. तिचं फार वाईट वाटलं. घरी येऊन विणकाम घेतलं. वर थंडी असणार, सुनेसाठी स्वेटर चाललाय, दोन सुलट एक उलट. डोळे मिटूनही चूक सापडते मला त्यात. अक्षर नसलं तरी नजर आहे.

रात्रीच्या जेवणाला मी भाजी केली. सगळे जेवले. आमच्या घरात जेवताना पाणी फार लागतं. माझ्या सासरकडचं रक्तच तसलं, तहानलेलं. हेही घरी आले की आधी तांब्याभर पाणी प्यायचे. डोंगर उतरून यायचे ना.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

आता सत्तरीवरच्या माणसाला शिखराचं परमिट हवं असेल तर डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. कुणी काढला हा नियम? ज्याचं वय सत्तर नाही त्याने.

डॉक्टरीणबाईकडे गेलो. तिने दंडाला पट्टा बांधला, फुस्स करून हवा भरली, आकडा बघितला, पुन्हा भरली. प्रेशर फार आहे म्हणाली. मी म्हटलं, तुमचा जिना चढून आले. ती म्हणाली, दवाखाना तळमजल्यावर आहे. मी म्हटलं, घरचा जिना. ती म्हणाली, तो तुम्ही उतरला असाल.

मग मुद्द्यावर आली. मीठ. आठवडाभर मीठ एकदम कमी करा, मग बघू. मी सांगितलं की मी मीठ घालतच नाही, चवीपुरतं सोडलं तर. सून खोकली. हवा कोरडी आहे सध्या.

बारा तारीख रद्द. एकोणीसचा रविवार. बरंच झालं, ट्रेनिंगला वेळ मिळाला.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

माझ्यासाठी वेगळी अळणी भाजी. सुनेने केली. खाल्ली. भाजी कसली, ओल्या कापडाचा तुकडा. पण निर्धार म्हणजे निर्धार. ओळींसाठी माणूस काय काय करतं.

त्याच दिवशी, दुपारी.

नातीच्या खोलीत वेफर्सचं पाकीट होतं. वेफर्स ही भाजी नव्हे. डॉक्टरीणबाई भाजीबद्दल बोलली होती. शिवाय पाकीट आधीच उघडं होतं, दुसऱ्या कुणी खाऊन प्रेशर वाढवून घेण्यापेक्षा बरं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

ट्रेनिंगला सुटी. पायांना विश्रांती देणं हाही ट्रेनिंगचा भाग आहे, असं मी ठरवलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

डॉक्टरीणबाईकडे पुन्हा. आकडा खाली आला, थोडासा. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात विणत होते, त्याने माणूस शांत होतं. मीठ पाळलंत ना, विचारलं. पाळलं म्हटलं. सून भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होती.

सर्टिफिकेट मिळालं. चार ओळींचं, खाली गोल शिक्का. सुनेने वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, चालायला हरकत नाही. बघा. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते.

घरी आल्यावर चिरंजीव आणि सून स्वयंपाकघरात दार ओढून बोलत होते. मुलाला आईचा अभिमान वाटतो, पण समोर बोलता येत नाही, बापाचाच स्वभाव.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी.

उद्या. डबा मीच करणार. ह्यांच्यासाठी करायची तसाच: बटाट्याची भाजी, पाव, उकडलेली अंडी. चौघांना पुरेल एवढा, डोंगरावर कुणी भेटलं तर. सुनेने हळूच विचारलं, आई, भाजी मी करू का. तिला म्हटलं, ज्या खोलीत एकतीस वर्षं माझा डबा गेला, तिथे तुझा नेऊ? ती खोली ओळखेल का?

पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या. पाण्याचा नळ फक्त गेटवर आहे, वर कुठेच नाही. चार म्हणजे चिक्कार.

स्वेटर झाला. एक बाही दुसरीपेक्षा लांब वाटते, पण सुनेचे हातच तसे असतील.

१९ ऑक्टोबर, रविवार. सहलीहून परत, दुपारी.

हो, दुपारीच. सांगते.

चिरंजिवांनी गाडीने गेटपर्यंत सोडलं आणि पार्किंगमध्ये पेपर वाचत बसले. मिशीवाल्याने मला ओळखलं. ह्यांच्या आठवणी काढल्या. मग सर्टिफिकेट मागितलं आणि मोठ्याने वाचलं. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालण्यास हरकत नाही. मी सुनेकडे बघितलं. सून डोंगराकडे बघत होती. मिशीवाल्याने कागदाची घडी घातली, परत दिली आणि म्हणाला, "पहिल्या बाकापर्यंत जा वहिनी. त्याच्यापुढे मी काही बघितलं नाही."

आठला निघालो. सुरुवातीला माझा वेग असा की सुनेला मागे राहावं लागलं, माझी पाठ धरायला. झाडं मोठी, हवा थंड, वाट दगडांची. शिखर समोर दिसत होतं आणि त्याच्यावर पांढरा ठिपका, ती खोली. हात लांबवला तर लागेल अशी. पावणेदहाला पहिला बाक आला. डोंगराचा बराचसा भाग मागे टाकला होता. सून म्हणाली, आठशे पावलं झालीत. तिचं गणित नेहमीच कच्चं.

बाकावर एक रिटायर पोस्टमन आणि त्याची बायको बसली होती. वरून परत येत होती, दमलेली, पाणी संपलेलं. खोली बघितली का विचारलं. हो म्हणाले, वह्या खिडकीत रचून ठेवल्यात. म्हटलं, आधी ह्यांना खाऊ घालू, वरच्या वाटेचे पाहुणे आहेत. डबा उघडला. पोस्टमनने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. बायकोने दुसरा घास घेऊन डोळे मिटले. मग पाणी मागितलं. मग त्याने मागितलं. मग पुन्हा तिने. मीही खाल्लं, चढायला ताकद हवी, आणि मलाही तहान लागली. सुनेने फक्त अंडं खाल्लं आणि तरी एक बाटली प्यायली. सव्वादहाला चारही बाटल्या रिकाम्या. आजकालच्या लोकांना पाण्याची फार हाव. दुसऱ्याच्या बाटलीकडे बघून प्यावं, एवढीही रीत नाही.

पाण्याशिवाय वर जाता येत नाही. आणि गेटवर जाऊन पाणी भरून पुन्हा वर येणं, म्हणजे बाकापर्यंतचा डोंगर दोनदा. सून म्हणाली, आई, घरी जाऊ.

पोस्टमनने जाताना हात जोडले. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस दिसला.

खोली दिसत होती, तेवढं झालं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.

पाय सुजलेत. शूजचा दोष. कापूस कमी भरला होता.

चिरंजीव पुन्हा म्हणाले, आई, हट्ट सोड, मी आणतो. त्याला म्हटलं, तू लहान असताना डोंगरावर जायचा हट्ट केला होतास तेव्हा तुझ्या बाबांनी खांद्यावर घेऊन नेलं होतं, आणि मी इथेच भांडी घासत राहिले. तो पाणी प्यायला उठला.

खरं ते लिही, सून. मला भीती वाटते. तिथे नक्की काय लिहिलंय त्याची नाही. कुणीच न वाचता ते रद्दीत जाईल त्याची. माणूस गेला तरी त्याचं म्हणणं राहतं, असं मला वाटत होतं. पण म्हणणं असं खिडकीत रचून ठेवलेलं असतं आणि एकतीस तारखेला त्याला गोणीत भरतात.

सुनेचा हात थांबला. थांबला तेही लिही.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

पायांची सूज उतरली, जवळजवळ. उद्या पुन्हा. ह्या वेळी धडा घेतलाय: अनोळखी माणसांना खाऊ घालायचं नाही. बाटल्या आठ. डबा फक्त दोघींचा.

चिरंजीव म्हणाले, आठ बाटल्या उचलणार कोण. सुनेने हात वर केला. बिचारी.

२६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी, पलंगावरून.

पहिल्या बाकापर्यंत गेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं लवकर. ही प्रगती नोंदवून ठेव, पुढचं तितकंसं महत्त्वाचं नाही.

बाकाच्या पुढे गेले. मोजून चाळीस पावलं, सुनेने मोजली, मी म्हटलं मोज. एक पायरीसारखा दगड होता. उजवा पाय वर ठेवला. डावा आलाच नाही. आलाच नाही म्हणजे, मी सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही. एकतीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी ऐकलं माझं. मी दगडावर बसले. समोर खोली दिसत होती. मग ढग आला आणि दिसेनाशी झाली.

सून खाली धावली. मिशीवाला वाळू वाहायची एकचाकी ढकलगाडी घेऊन वर आला, आत गोणपाट अंथरून. लोक वाट सोडून बाजूला उभे राहत होते. मंत्री गेला तरी एवढं कुणी बाजूला होत नाही. मी हात केला त्यांना.

मिशीवाला ढकलत ढकलत बोलत होता. साहेबांनीही एकदा सांगितलं होतं म्हणे, वहिनींना एकदा वर आणायचंय, ह्याच गाडीतून आणू. हे ऐकून मी तोंड फिरवलं. गाडीत वाळूची धूळ फार होती.

डबा तसाच राहिला. घरी आल्यावर चिरंजिवांनी तो नळाखाली धुतला. खाऊन धुतला की नुसताच धुतला, बघितलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार. पहाटे साडेपाच.

चादरीखाली पाय म्हणजे दुसऱ्याचे आणून ठेवल्यासारखे. हलत नाहीत.

सुनेने कोर्टातून रजा घेतलीय. स्वेटर घालून उभी आहे, लिहायला वही दाराच्या चौकटीवर टेकवून. एक बाही खरंच लांब आहे. तिने दुमडलीय.

तिला एवढंच सांगितलं: "तू जा. पण वर वाचू नकोस. इथे आणून, माझ्यासमोर वाच."

ती हो म्हणाली. तेवढं लिहून ती निघतेय.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

आली. चार वाजता आली, तोंड लाल, केसांत पानं. वर खोलीत कामगार होते. बाकीच्या वह्या सोमवारीच गोणीत भरून खाली गेल्या. ती म्हणाली, एक खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबलेली होती, तेवढी मिळाली. ह्यांच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षाची. एकतीस वर्षांतलं एक वर्ष. म्हटलं, चालेल. सगळं मिळायला मी कोण आहे.

दार लावून घेतलं. चिरंजिवांना बाहेर पाठवलं. सुनेने पहिलं पान उघडलं. वारा, ढग, तापमान वाचलं. मग शेरा. वाचलं: आज तिची फार आठवण आली. मी पदर तोंडाला लावला. दुसरं पान. तिच्या हातच्या डब्याला तोड नाही. तिसरं. इथून आमचं घर दिसतं का, बघत होतो.

मला वाटलं, आता मेले तरी चालेल. अगदी त्याच क्षणी नको, आणखी पानं होती. वही घेतली तिच्या हातातून. उगाच, मांडीवर धरायला. ह्यांचा हात लागलेली.

आणि बघितलं. मला अक्षर येत नाही, पण विणीत एक टाका चुकला तर दिसतो आणि सगळे टाके सारखे असतील तर तेही दिसतं. पहिल्या पानाच्या शेवटच्या रकान्यात जे होतं, तेच दुसऱ्यावर. तेच तिसऱ्यावर. दोन छोटे तुकडे. पहिल्यात घागरीसारखं एक गोल अक्षर. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन ठिपके. पान उलटलं, तेच. दहा पानं, वीस पानं. घागर, ठिपके. घागर, ठिपके.

मी म्हटलं, "सूनबाई, कोर्टात असंच वाचून दाखवतेस का?"

तिचा चेहरा उतरला. मग तिने वाचलं. जसं होतं तसं, काही न घालता, काही न गाळता.

"मीठ जास्त. संपवलं."

पुढच्या पानावर? मीठ जास्त, संपवलं. त्याच्या पुढच्या? आई, सगळीकडे तेच आहे.

मधे एकाच पानावर घागर होती पण मागचेपुढचे टाके वेगळे, आणि शेवटी ठिपकेच नाहीत. ते वाच म्हटलं. तिने वाचलं: कँटीनचा डबा. मीठ बरोबर. अर्धा उरला. ते ऑगस्टमधलं होतं. मी पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तो दिवस.

आता पुरे. दिवा लाव, वही ठेव.

३० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी.

झोप छान लागली. विचार करून सगळं स्वच्छ झालं.

मीठ बरोबर होतं तेव्हा अर्धा उरला. मीठ जास्त होतं तेव्हा संपवला. म्हणजे ह्यांना जास्त मीठच आवडायचं. साधी गोष्ट आहे. तक्रार असती तर माणूस एकतीस वर्षांत एकदा तरी तोंडाने बोलला असता. सुनेला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, साक्षीदाराच्या जबाबावर स्टेनोने मत द्यायचं नसतं.

शिवणवालीला सांगून आले, लिफ्टने खाली जाऊन, कोपऱ्यापर्यंत काठी धरून. तिने मशीन थांबवून ऐकलं. शेवटी म्हणाली, आजी, रोज खारट खाऊन रोज संपवायचं, एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही. बघा. बाहेरच्या माणसाला लगेच कळतं.

उद्या रात्रीचा स्वयंपाक मी करणार. ह्यांच्या नावाने. मीठ मात्र निम्मं, डॉक्टरीणबाईचाही मान राखायचा.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. जेवणानंतर.

वारा, पश्चिमेचा. ढग, खाली उतरलेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, शिखर दिसत नव्हतं. मिशीवाल्याचा फोन आला होता, दुपारी दोनला खोली पाडली. फार आवाज झाला नाही म्हणाला.

बटाट्याची भाजी केली. मीठ निम्मं घातलं. माझ्या हाताने निम्मं, चमच्याने मोजलं नाही, चमच्याने मोजणारी बाई मी नव्हे. चौघं जेवायला बसलो. चिरंजीव पाणी प्यायले. नात पाणी प्यायली, मग उठून बाटली भरून आणली. सुनेने पाव खाल्ला. मीही एक घास घेतला. पहिल्यांदा नीट, घाई न करता, दुसऱ्याच्या हातचं असल्यासारखा.

मग पाणी प्यायले.

भांडं जवळजवळ भरलेलंच आत गेलं. चिरंजीव म्हणाले, उद्या सकाळी खाऊ, आई. सकाळी त्यांना ऑफिस असतं.

सगळे उठल्यावर सुनेला म्हटलं, आज शेरा तू लिही. माझा नको, तुझा. खरा लिही. मी वाचणार थोडीच आहे.

तिने पेनाचं टोपण काढलं. मग काहीतरी लिहिलं, अगदी थोडं, आणि वही मिटायला लागली. मी ती ओढून घेतली आणि दिव्याखाली धरली.

घागर होती. ठिपके नव्हते.